मानसोपचारकाची परिणामकारकता

संवादाच्या मार्गाने मानसिक क्लेश दूर करू पाहणाऱ्या मानसोपचारकाच्या हातून रुग्णाला प्रत्यक्ष किती गुण येतो, याचे हे मान होय. एकाच पद्धतीने उपचार करणाऱ्या दोन उपचारकांच्या रुग्णांना सारखाच गुण येत नाही आणि ही तफावत पदवी, वय किंवा पद्धती यांवरून फारशी उलगडत नाही. अनुभवाने हात बसतो, हा समजही येथे टिकत नाही : सायमन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 170 उपचारक आणि त्यांचे 6,591 रुग्ण यांच्या नोंदींवरून 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षे सरली तशी सरासरी परिणामकारकता किंचित घटलेलीच दिसली.

शिंप्याला चुकलेली शिवण लगेच दिसते. उपचारकाला मात्र आपली चूक सहसा दिसत नाही, कारण बरे न वाटणारा रुग्ण बहुधा काही न बोलता येणेच थांबवतो. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 550 पैकी 40 रुग्णांची स्थिती खालावली. उपचारकांनी तसा अंदाज केवळ तिघांबाबत वर्तविला होता आणि त्यांतला एकच खरा ठरला.

यावर उपाय म्हणून मायकेल लँबर्ट यांनी 45 प्रश्नांची चाचणी, तर स्कॉट मिलर व बॅरी डंकन यांनी त्याहून पुष्कळ सुटसुटीत अशी दोन पत्रके रूढ केली. प्रत्येक पत्रकावर दहा सेंटिमीटरच्या चार रेघा असतात. भेटीच्या आरंभी रुग्ण स्वतःचे स्वास्थ्य, जवळची नाती, काम व समाजातील वावर आणि एकंदर स्थिती यांविषयी प्रत्येक रेघेवर खूण करतो. शेवटी, आपले म्हणणे नीट ऐकले गेले का, हव्या त्या विषयावर बोलणे झाले का, ही रीत मानवली का, हे तो दुसऱ्या पत्रकावर तसेच नोंदवतो. डॉक्टरांना तोंडावर उणे बोलणे जेथे उद्धटपणाचे मानले जाते, तेथे दुसऱ्या पत्रकातील चाळीसपैकी चाळीस गुण हे समाधानाऐवजी भिडेचेही लक्षण असू शकते. चाचणीतून किंवा पत्रकांतून उपचारकाला मिळणाऱ्या प्रतिसादाचा लाभ सरसकट मोठा नसला, तरी प्रकृती ढासळू लागलेल्या रुग्णांच्या बाबतीत तो विशेष आढळला आहे.

नेमकी उणीव कळल्यावर ती भरून काढण्यासाठी अँडर्स एरिक्सन यांनी वादक व खेळाडूंच्या अभ्यासातून मांडलेला हेतुपूर्वक सराव, म्हणजे एकेक कमकुवत कौशल्य वेगळे काढून मार्गदर्शकासमोर पुन्हापुन्हा घोटणे, उपयोगी पडतो. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येताच घाईने धीर देण्याची सवय असलेला उपचारक, रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण त्याच क्षणी थांबवतो आणि त्या जागी गप्प राहण्याचा किंवा वेगळे बोलण्याचा सराव करतो. ध्वनिमुद्रणातून शिकण्याची ही वाट कार्ल रॉजर्स यांनी 1940 च्या दशकातच खुली केली होती. मात्र पत्रकांतील गुण पगारवाढीशी किंवा बढतीशी जोडले, तर उपचारकाला खरे उत्तर नकोसे होते. म्हणून ते त्यांपासून दूरच ठेवले पाहिजेत.