‘बेन-माय-क्री’: एका उतारू आगबोटीचे युद्ध

युद्धनौकांची नावे बहुधा दरारा बसवणारी असतात. म्हणूनच पहिल्या महायुद्धाचा इतिहास चाळताना ‘बेन-माय-क्री’ या नावापाशी मी थबकलो. आयरिश समुद्रातल्या मॅन बेटाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माझ्या हृदयाची सखी’. असले लाडके नाव आरमारात कसे आले?

ती मुळात लढाऊ नव्हतीच. १९०८ साली बांधलेली ही आगबोट लिव्हरपूलहून मॅन बेटावर सुटीसाठी जाणाऱ्यांची ने-आण करी. एका खेपेस अडीच हजार उतारू आणि ताशी २४ सागरी मैलांचा वेग! हा वेगच तिला भोवला. ताफ्याबरोबर धावू शकेल अशी बोट ब्रिटिश आरमाराला हवी होती. १९१५ साली तिच्या पाठीमागच्या अंगाला विमानांची कोठी उभी राहिली.

ही विमाने यारीने पाण्यावर उतरवीत. चाकांच्या जागी पोकळ तरंडे असत. त्यांवर ती लाटांतून धावत आणि वर चढत. परतली की पुन्हा यारीनेच बोटीवर. समुद्र खवळला की सारेच खोळंबे.

१२ ऑगस्ट १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या धुमश्चक्रीत, चार्ल्स एडमंड्सने तिच्यावरचे एक विमान उडवले. पाणतीराचे ओझे पेलावे म्हणून निरीक्षक घेतला नव्हता, इंधनही बेताचे. मार्मारा समुद्रातल्या तुर्की जहाजाला त्याने पाणतीर मारला. विमानातून जहाजावर झालेला असा हा पहिला हल्ला. ते जहाज आधीच एका पाणबुडीने जायबंदी केले होते. तरी युद्धाला नवी वाट सापडली ती सापडलीच.

११ जानेवारी १९१७. कास्तेलोरिझो बेटाच्या बंदरात ती नांगरून उभी असता समोरच्या आनातोलियाच्या किनाऱ्यावरून तुर्की तोफा धडाडल्या. कोठी पेटली. ज्या वेगासाठी तिला निवडले, तो नांगरलेल्या बोटीच्या काय कामाचा? ती जळत बुडाली. माणसे मात्र वाचली. मागाहून कप्तान सॅमसन बोटीवर गेला, तेव्हा तिथले मांजर आणि कुत्राही जिवंत सापडले!

१९२० साली सांगाडा वर काढला. १९२३ मध्ये तो मोडीत निघाला. सुटीच्या उतारूंकडे ती परतलीच नाही. पण १९२७ साली तिच्या जुन्या मालकांनी नवी बोट बांधली आणि तिला तेच नाव ठेवले. मुलेबाळे घेऊन लोक पुन्हा ‘हृदयाच्या सखी’वर चढू लागले. मला वाटते, तिचे खरे काम तेच होते.