दसऱ्याची मेबॅक आणि रुसलेले इंजिन

कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील जर्मन मेबॅक मोटार आजही दसरा चौकात येते. सूर्यास्ताचा मुहूर्त मोटारीसाठी थांबत नाही. मग इतक्या जुन्या गाडीचे इंजिन रुसले, तर नाडी कशी पाहावी?

पूर्वी हँडल मारावे लागे. इंजिनाने उलट झटका दिला की मनगटच मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला. हात वाचले, दोष मात्र तारांत दडले.

जाणता मेस्त्री आधी दिवे लावून स्टार्टर दाबतो. दिवे मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल गंजलेले. दिवे प्रखर नि स्टार्टर मुका, तर संशय स्विचवर. इंजिन फिरूनही पेटत नसेल, तर प्लग काढून ठिणगी पाहावी. तीही नसल्यास डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट उघडावेत; पुष्कळदा तेच काळवंडलेले सापडतात.