त्याज्य संकल्पनेचे पुनरागमन : नियामक टी पेशी आणि आतडे-यकृताचे दाहविकार

प्रस्तावना

आतड्याच्या जुनाट दाहविकाराने ग्रस्त असलेल्या काही रुग्णांत पित्तनलिकांचाही दाह होऊन त्या हळूहळू आक्रसत जातात. ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराची प्रगती निश्चितपणे थांबविणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. यकृत निकामी झाल्यास प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो आणि नव्या यकृतातही विकार पुन्हा उद्भवू शकतो. म्हणूनच दाह आवरणाऱ्या शरीरातीलच पेशींचा उपचार म्हणून वापर करता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या पेशींच्या संकल्पनेचा मागोवा घेतला आहे.

उदय आणि अस्त

थायमस ग्रंथीतून येणाऱ्या पेशी प्रतिकारक्रियेला चालना देतात, तसा आळाही घालू शकतात, असे येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन व त्यांचे सहकारी कोंडो यांनी १९७० मध्ये प्रतिपादन केले. पुढील दशकात ‘दमनकारी टी पेशीं’वर विपुल संशोधन झाले. उंदरांतील ‘आय-जे’ हा रेणू त्यांची ओळखखूण मानला जाई. परंतु त्याचे जनुक ज्या ठिकाणी असल्याचे गृहीत धरले होते, तेथे ते नसल्याचे १९८३ मध्ये दिसून आले. खूणच खोटी ठरल्याने संपूर्ण संकल्पना संशयास्पद बनली. स्पष्टीकरण चुकले, म्हणून मूळ निरीक्षणेही दुर्लक्षिली गेली.

पुनरागमन

१९९३ मध्ये फिओना पॉवरी व सहकाऱ्यांनी प्रतिकारक्षमता नसलेल्या उंदरांत टी पेशींचा एक गट सोडला, तेव्हा मोठ्या आतड्याचा दाह उद्भवला. दुसरा गट सोबत दिला असता तो टळला. १९९५ मध्ये जपानमधील शिमोन साकागुची यांनी ‘सीडी २५’ या खुणेच्या आधारे नियामक पेशी वेगळ्या ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्या संशोधनातून ‘फॉक्सपी ३’ जनुक उजेडात आले आणि या पेशींची घडण त्यावरच अवलंबून असल्याचे २००३ मध्ये सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उपचाराच्या दिशेने

एरवी आतड्यात आढळणारा आणि प्रतिकारपेशींना तेथे थोपवून धरणारा ‘मॅडकॅम-१’ हा रेणू दाहग्रस्त यकृतातही आढळतो, असे बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले. आतड्यासाठी घडलेल्या पेशी यकृतात कशा पोहोचत असाव्यात, याचा धागा त्यातून मिळाला. २०१२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी क्रोन विकाराच्या २० रुग्णांना त्यांच्याच रक्तातून वाढविलेल्या, थोड्या निराळ्या प्रकारच्या नियामक पेशी दिल्या. काहींना आराम पडला. मात्र तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता.

निष्कर्ष

१९८३ मध्ये घाईने नकार दिला गेला. आज घाईने स्वीकार होण्याचा धोका आहे. दिलेल्या पेशी योग्य अवयवात पोहोचतात काय आणि दाहाच्या वातावरणात आपला स्वभाव टिकवितात काय, याची उत्तरे नियंत्रित चाचण्यांतूनच मिळावयास हवीत. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णाला आशेइतकीच या शिस्तीचीही गरज आहे.