कलम एकच, गुंठे चार की बारा?

‘कायदा पुस्तकात छापलेला असतो. कलम वाचलं की हक्क कळतो. निकालांचा काथ्याकूट वकिलांनी करावा.’ भिवंडीजवळच्या मानकोलीसारख्या गावात गोदामासाठी जमिनीचा सौदा ठरतो, सासरहून बहिणीला बोलावून घेतात आणि हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवतात, तेव्हा घरात हाच समज बोलत असतो. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत गुंठ्यांत मोजता येते.

समजा, 36 गुंठे वडिलोपार्जित जमीन, वाटणी न झालेली. वडील 1999 साली मृत्युपत्र न करता वारले, आई त्याआधीच गेलेली. मागे दोन भाऊ आणि 1994 पूर्वी लग्न झालेली एक बहीण. 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायद्याचे सहावे कलम बदलले आणि मुलगी मुलासारखीच ‘जन्माने’ सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, झाली. पण वडील दुरुस्तीआधी वारलेले. मग बहिणीला किती? कलम नुसते वाचून याचे उत्तर हाती लागत नाही.

2015 मध्ये ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितले, की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील व मुलगी दोघेही हयात हवेत. त्या हिशेबाने वडील व दोन भाऊ असे तीन हिस्से धरून वडिलांचे 12 गुंठे बाजूला काढून तिघांत वाटायचे: बहिणीला 4. ‘विनीता शर्मा’ खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी तीन न्यायमूर्तींनी ते मत मोडीत काढले. हक्क जन्मानेच मिळत असेल, तर 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट कशाला? बहिणीला 12. या पाच वर्षांत कलमाचा एक शब्दही बदलला नव्हता.

प्रतिपक्ष म्हणेल, मग हा न्यायाधीशांच्या मर्जीचा कारभार झाला. तसे असते तर त्याआधीच्या दोन पीठांची मते जुळेनात म्हणून तीन न्यायमूर्तींचे मोठे पीठ बसलेच नसते. त्याने कारणे लेखी दिली आणि संविधानाच्या 141व्या अनुच्छेदानुसार तो निर्णय भिवंडीच्या न्यायालयालाही बांधतो. मर्जीला वेसण घालते ती हीच रीत. आपल्याला ती परकीही नाही. याज्ञवल्क्यस्मृती आपण तिच्यावरील ‘मिताक्षरा’ टीकेच्या आधाराने लावत आलो. उत्तर कोकणात नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चा अर्थ इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही प्रमाण मानला.

निकालालाही मर्यादा असतात. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री या निकालाने उलटत नाही. म्हणून निकाल ऐकला की चार गोष्टी विचाराव्यात: न्यायालय कोणते, न्यायमूर्ती किती, वस्तुस्थिती आपल्यासारखी आहे का आणि पुढे तो फिरवला गेला का? सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, काहींची मराठी भाषांतरेही.

बहिणीला भावासाठी हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडावा. पण आपण 4 गुंठे सोडतो आहोत की 12, हे सहीआधी तिला कुणीतरी सांगितलेच पाहिजे.