ब्रश कटर रेस घेत नाही, तेव्हा
वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या संत्राबागांत पावसाळ्यात ब्रश कटर बाहेर निघतो आणि गवत वाढत असतानाच अडखळतो: सुरू होतो, पण रेस दिली की बंद पडतो. बहुतेकदा दोष टाकीत उरलेल्या जुन्या पेट्रोलचा असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. म्हणून स्क्रू पिळण्याआधी टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे. टू-स्ट्रोक इंजिनात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात ऑइल मिसळूनच, नाहीतर पिस्टन जाम होतो. मग एअर फिल्टर साफ करून प्लग पाहावा. तो काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तरीही फरक नसेल तर सायलेन्सरची जाळी उघडावी. तिच्यावरची काजळी सहसा कुणी पाहतच नाही.