मज्जारज्जूची इजा आणि मूत्रमार्गातील जंतू : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेला सैनिक बहुधा मूळ जखमेने नव्हे, तर मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने वा शय्याव्रणांनी दगावत असे. मेंदूशी संपर्क तुटल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात.

डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे अशा रुग्णांसाठी विभाग उघडला. ठरावीक अंतराने निर्जंतुक नळीने मूत्राशय रिकामे करण्यावर त्यांचा भर होता. १९४८ मध्ये त्यांनी तेथेच क्रीडास्पर्धाही सुरू केल्या. त्याच परंपरेतील १९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत, १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळविले. १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

पदकांची नोंद इतिहासात होते, नळीची होत नाही. वस्तुतः १९७२ मध्येच अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी नळी निर्जंतुक नसली तरी स्वच्छ असणे पुरेसे आहे, असे दाखविले. त्यामुळे रुग्णाला घरी स्वतःच ती वापरता येऊ लागली.

नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा आढळतातच. ताप, थंडी वा स्नायूंचा वाढलेला ताठरपणा यांसारखी लक्षणे नसताना केवळ अहवाल पाहून प्रतिजैविके दिल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. ही सवय अद्याप पूर्णतः सुटलेली नाही.