टेस्टिंगची स्थिती आणि बगची यादी अख्ख्या टीमला का दिसावी?

रिलीजच्या आठवड्यात "टेस्टिंग कुठवर आलं?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा विचारला जातो. याचं उत्तर फक्त टेस्टरच्या लॅपटॉपवरच्या एक्सेल शीटमध्ये असेल, तर प्रत्येकाला ते वेगळं मिळतं. मॅनेजरला कळतं 'जवळपास झालं', डेव्हलपरला 'तुझे तीन बग राहिलेत' आणि कस्टमर सपोर्टला काहीच कळत नाही. रिलीज करायचं की थांबायचं, हा निर्णय मग अंदाजाने होतो. मी डेव्हलपर आहे, तरीही बगची यादी सगळ्यांसमोर असावी असंच माझं मत आहे. ती कशी ठेवायची ते पाहू.

ही कल्पना जुनीच आहे

डेबियन या लिनक्स प्रकल्पाने 1997 साली आपल्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असं लिहून टाकलं. त्यांची बगची यादी आजही कोणालाही वाचता येते. त्यात क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन पातळ्यांचे बग रिलीज अडवणारे मानले जातात. 1998 मध्ये टेरी वाइसमन यांनी मोझिलासाठी बगझिला तयार केलं. आपल्याला जगाला नाही, निदान टीमला तरी यादी दाखवायची आहे. त्यासाठी जिरा, रेडमाइन किंवा साधी शेअर केलेली शीटही चालते.

टक्केवारी एकटी देऊ नका

समजा, एकूण 200 टेस्ट केस आहेत. त्यातल्या 120 चालवल्या आणि 108 पास झाल्या. '90% पास' हे वाक्य खोटं नाही, पण 80 केस अजून चालवलेल्याच नाहीत. एकूण केस धरल्या तर पास फक्त 54% आहेत. म्हणून चार आकडे एकत्र दाखवा:

- पास
- फेल
- अडकलेल्या (उदा. टेस्ट सर्व्हर बंद आहे)
- अजून न चालवलेल्या

सोबत बिल्ड नंबर आणि तारीख हवीच. कालच्या बिल्डवरचे आकडे आजच्या बिल्डला लागू होतीलच असं नाही.

शब्दांचा अर्थ आधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ 'फिक्स झाला' या शब्दांवरून होतो. बगझिलात 'रिझॉल्व्ड' आणि 'व्हेरिफाइड' अशा दोन वेगळ्या अवस्था आहेत. कोड बदलला की बग रिझॉल्व्ड होतो. तो बदल तपासून बरोबर निघाला, की मगच व्हेरिफाइड.

तसंच सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी एक नव्हेत. होम पेजवर कंपनीचं नाव चुकीचं छापलं गेलं, तर अ‍ॅप बिघडत नाही, म्हणजे सिव्हिरिटी कमी. पण ते आजच दुरुस्त करायला हवं, म्हणजे प्रायॉरिटी जास्त.

प्रत्येक नोंदीत बग परत कसा दिसेल याच्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, बिल्ड नंबर आणि डिव्हाइस एवढं तरी असावं. 'पेमेंट चालत नाही' एवढंच लिहिलं तर यादी उघडी असूनही कोणाच्या कामाची नाही.

बगवरून माणसं मोजू नका

उघडी यादी बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच. कोणाच्या कोडमध्ये किती बग निघाले हे अप्रेझलमध्ये मोजायला लागलात, की "एंट्री करू नकोस, मला तोंडी सांग" सुरू होतं. मी हे एका टीममध्ये जवळून पाहिलंय. यादी छोटी होत गेली, बग मात्र तेवढेच राहिले आणि ते ग्राहकांना सापडले. उलट टेस्टरने किती बग टाकले हे मोजलं, तर एकाच बगच्या तीन नोंदी होतात.

काय उघडं ठेवायचं नाही?

सुरक्षेतली त्रुटी दुरुस्त होईपर्यंत मोजक्याच लोकांना दिसावी. बगझिलातही अशा बगसाठी वेगळे गट करता येतात. स्क्रीनशॉट आणि लॉगमधले ग्राहकांचे मोबाइल नंबर, खाते क्रमांक, पासवर्ड, टोकन आधी काढून टाका. बाकी सगळं टीमसमोर राहू दे.

सुरुवात कुठून करायची?

1. यादीची एकच जागा ठरवा आणि लिंक टीमच्या ग्रुपवर पिन करा.
2. व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेल्या बगची नोंद त्याच दिवशी यादीत करा.
3. रोजच्या मीटिंगमध्ये फक्त रिलीज अडवणारे आणि अडकलेले बग बघा.
4. जे बग माहीत असूनही रिलीज करताय, त्यांची यादी सपोर्टच्या लोकांना आधीच द्या. ग्राहकाचा फोन पहिल्यांदा त्यांनाच येतो.